लकवा मारला तर: ओट्यापासून दवाखान्यापर्यंत, आणि परत घरी

आमच्या गावात ‘स्ट्रोक’ हा शब्द फक्त दवाखान्याच्या कागदावर असतो. बोलताना ‘लकवा मारला’ म्हणतात, नाहीतर ‘अंगावरून वारं गेलं’. वारं म्हटलं की ते कशानं गेलं, कोण उतरवतो, याची चर्चा सुरू होते. माझ्या आईचे, आम्ही तिला जिजी म्हणतो, पहिले अडीच तास या चर्चेतच गेले. गाव चोपडा तालुक्यातलं. तापीचा पूल ओलांडून जळगाव गाठायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ आम्ही ओट्यावर बसून घालवला.

मी डॉक्टर नाही, शाळामास्तर आहे. पण दोन वर्षं जिजीचं सगळं घरी केलं. त्यात डॉक्टर, सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून जे शिकलो आणि ज्या चुका केल्या, ते इथे क्रमाने लिहितो.

१. ओळखायचं कसं

एप्रिलमधली सकाळ होती. जिजी चुलीपुढे भाकरी थापत होती. माझ्या बायकोच्या लक्षात आलं की भाकरी एका अंगाला जाड आणि एका अंगाला पातळ होतेय. उजवा हात परातीच्या कडेवर नुसता पडून होता आणि जिजी एकट्या डाव्या हाताने थापत होती. विचारलं तर म्हणाली, “माले काही व्हयेल नही.” शब्द तोंडात सुपारी धरल्यासारखे येत होते. तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला, तरी तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

माणूस ‘काही झालं नाही’ म्हणतो म्हणून थांबू नका. मेंदूलाच मार बसलेला असतो, त्यामुळे आपल्याला काय झालंय हे कधीकधी त्याला कळतच नाही. अर्ध्या मिनिटात एवढं तपासा:

- तोंड: दात दाखवायला सांगा. एक बाजू खाली ओघळते का बघा.
- हात: दोन्ही हात समोर, तळवे आभाळाकडे, डोळे मिटलेले. १० पर्यंत मोजा. एक हात खाली यायला लागतो का?
- बोली: एक साधं वाक्य म्हणायला लावा. अहिराणी बोलणाऱ्याला अहिराणीतच विचारा. मी मास्तरकीच्या सवयीने जिजीला पुस्तकी मराठीत वार विचारला आणि ती नुसती बघत राहिली. मला वाटलं, प्रश्न समजला नसेल.
- तोल आणि नजर: अचानक झोकांडी जाणं, एका डोळ्याचं दिसेनासं होणं, एकाचे दोन दिसणं.

यातलं एकही लक्षण अचानक आलं तर १०८ लावा. चारही जुळण्याची वाट बघू नका.

आपल्याकडचा मोठा घोळ म्हणजे ‘ऊन लागलं’. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे मार्च ते जूनमध्ये कोणीही पडलं की खापर उन्हावर फुटतं. पण उष्माघातात अंग तापलेलं असतं आणि माणूस सगळाच्या सगळा गळून जातो. लकव्यात बहुतेक वेळा एकच बाजू जाते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर फार खाली गेली तरी चित्र लकव्यासारखंच दिसू शकतं, म्हणून घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर मोजा आणि आकडा ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांना सांगा. मोजण्यासाठी गाडी मात्र थांबवू नका.

२. घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा

दवाखान्यात पहिला प्रश्न येतो: “शेवटचं नीट कधी बघितलं होतं?” लक्षणं कधी दिसली हा प्रश्न वेगळा, त्यात गल्लत करू नका. रात्री १० वाजता चांगला झोपलेला माणूस पहाटे ५ ला लकवा मारलेला आढळला, तर वेळ १० पासून धरतात. मधे ३ वाजता तो लघवीला उठून नीट चालत गेल्याचं कोणी पाहिलं असेल तर आवर्जून सांगा. तेवढ्याने उपचार बदलू शकतो.

कारण असं की मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन (अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज) साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. जितकं लवकर, तितका फायदा जास्त. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात. साडेचार तास म्हणजे सीटी (मेंदूचा स्कॅन) आणि रक्ततपासणी होऊन सुई टोचेपर्यंतचा वेळ, दवाखान्याच्या दारात पोचायचा नव्हे.

३. गाडी येईपर्यंत काय करू नये

यातलं निम्मं आम्ही केलं.

तोंडात काहीही घालू नका. आमच्याकडे उन्हाचा संशय होता म्हणून शेजारच्या काकूंनी मायेने कैरीचं पन्हं आणलं आणि चमच्याने पाजलं. दुसऱ्या चमच्याला जिजीला जोराचा ठसका लागला. लकव्यात गिळण्याचे स्नायू ढिले पडतात आणि घोट फुफ्फुसात उतरतो. पुढे तिला न्यूमोनिया झाला, तो त्या चमच्यामुळेच असं मी म्हणणार नाही, पण तो ठसका माझ्या कानातून जात नाही.

ॲस्पिरिन देऊ नका. ‘रक्त पातळ होतं’ एवढं ऐकून लोक देतात. रक्तवाहिनी फुटलेली असेल तर तीच गोळी घात करते. बीपी जास्त दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवणं किंवा कॅप्सूल फोडून पिळणंही नको. तुंबलेल्या वाहिनीपलीकडे रक्त पोचवण्यासाठी शरीरानेच दाब चढवलेला असू शकतो. तो किती उतरवायचा ते सीटी बघून डॉक्टर ठरवतात.

फेफरं आलं तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. कुशीवर वळवा, कवळी असेल तर आधीच काढून घ्या.

मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेऊ नका. मान सांभाळली जात नाही आणि उलटी झाली तर जीव गुदमरतो.

आता औषध देणाऱ्या बाबांबद्दल. प्रत्येक पंचक्रोशीत लकव्याचं औषध देणारा एक तरी असतोच. कोणी तेल देतो, कोणी पाला, कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतो. आमच्याही ओट्यावर ठाम सल्ला आला: “आमच्या भाच्याचं तोंड वाकडं झालं होतं, पंधरा दिवसांत सरळ केलं.” झालं असेलही. पण त्यातली बरीच माणसं मुळात लकव्याची नसतात. चेहऱ्याची नस सुजून नुसतं तोंड वाकडं होतं, त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. त्यात हातपाय शाबूत असतात, त्या बाजूचा डोळा मिटत नाही, कपाळावर आठ्या पडत नाहीत, आणि बहुतेक लोक काही आठवड्यांत आपोआप सुधारतात. दुसरे असतात छोट्या, तात्पुरत्या झटक्याचे, तेही आपोआप उतरतात. बाबाचं नाव या दोघांवर चालतं. खऱ्या लकव्याचे परत येऊन सांगायला उरत नाहीत, किंवा बाजेवर असतात. हा फरकही घरी बसून ठरवू नका, डॉक्टरांना ठरवू द्या.

४. कुठे न्यायचं

जवळचा दवाखाना हा नेहमीच योग्य दवाखाना नसतो. आम्ही आधी तालुक्याच्या एका दवाखान्यात गेलो. सलाईन लावलं, ‘बघू’ म्हणाले, आणि दीड तासाने कळलं की सीटी स्कॅनचं मशीनच तिथे नाही. जळगावला सीटी झाला तेव्हा दुपारचे १२ वाजले होते. जिजीला शेवटचं नीट बघितलं होतं सकाळी साडेसहाला. इंजेक्शनची वेळ गेलेली होती.

निघण्याआधी किंवा निघता निघता फोन करून तीन गोष्टी विचारा: सीटी आत्ता चालू आहे का? गुठळीचं इंजेक्शन देता का? ते देणारे डॉक्टर आत्ता हजर आहेत का? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर गाडी पुढे काढा. १०८ वाल्यांनाही स्पष्ट सांगा, “लकव्याचा संशय आहे, सीटी असेल तिथेच न्या.”

जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नवापूरकडची मंडळी सुरतला जातात, चाळीसगावची धुळे, नाशिक किंवा संभाजीनगरला. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून घाट उतरण्यातच मोठा वेळ जातो, त्यामुळे तिथे निघायला केलेला उशीर दुप्पट महाग पडतो. घरात बीपी, शुगर किंवा हृदयाचा पेशंट असेल तर ही चौकशी आजच करा आणि नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

सोबत घ्या:

- आधार कार्ड, रेशन कार्ड, असल्यास आयुष्मान कार्ड
- चालू गोळ्यांची पाकिटं, नुसती चिठ्ठी नको. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर शेवटची कधी घेतली ते
- जुने ईसीजी, रिपोर्ट
- वजन, अंदाजे का होईना. इंजेक्शनचा डोस किलोवर ठरतो
- ज्याने पेशंटला शेवटचं नीट बघितलं तो माणूस, किंवा त्याचा फोन चालू

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. पोचल्या पोचल्या एकाने त्याच्याकडे जा, दुसऱ्याने पेशंटजवळ थांबा. डिस्चार्जच्या दिवशी योजना आठवून उपयोग नाही.

५. लकव्याचे प्रकार

सीटीचा पहिला उपयोग म्हणजे वाहिनी तुंबली की फुटली हे कळणं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

तुंबलेला लकवा जास्त आढळतो. सुरुवातीच्या तासांत यात सीटी अगदी नॉर्मल येऊ शकतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ ऐकून लोक पेशंटला घरी घेऊन जातात, तसं करू नका. त्या नॉर्मलचा अर्थ एवढाच की रक्तस्राव नाही. मोठी वाहिनी तुंबली असेल तर तार घालून गुठळी बाहेरही काढतात. ही सोय मोठ्या शहरांत आहे. सहसा ६ तासांत आणि निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत ते करता येतं, म्हणून इंजेक्शनची वेळ टळली तरी हा प्रश्न विचाराच.

फुटलेल्यात गुठळीचं इंजेक्शन चालत नाही. दाब खाली आणतात, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्याचा उतारा देतात आणि काहींना ऑपरेशन लागतं. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला तर हातपाय ठीक असूनही ‘जन्मात असं डोकं दुखलं नव्हतं’ अशी कळ एका क्षणात येते. ती डोकेदुखीच्या गोळीवर काढू नका.

तात्पुरता झटका काही मिनिटांत, फार तर तासाभरात उतरतो. उतरला म्हणून देवाला नारळ फोडून मोकळे होऊ नका. खऱ्या झटक्याचा धोका पुढच्या ४८ तासांत सर्वात जास्त असतो, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणखी दोन प्रकार आपल्या भागात ठाऊक असायला हवेत. एक बाळंतिणीचा. मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होते. डोकेदुखी वाढत जाते, उलट्या होतात, फेफरं येतं. घरात ‘बाहेरचं’ म्हणून अंगारा लावतात. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जी जुनी रीत आहे, ती इथे थेट घातक आहे. शरीरातलं पाणी घटलं की रक्त लवकर गोठतं. दुसरा सिकलसेलचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या जन्मजात आजाराचा. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारकडे हा आजार आहे, आणि त्यात लहान लेकरालाही लकवा मारू शकतो. तिथे उपचार वेगळा, रक्त बदलण्याचा असतो. मुलाला सिकलसेल आहे हे दारातच सांगा.

६. वॉर्डातले दिवस

गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय पाणीसुद्धा नाही. सिस्टर चमचाभर पाणी देऊन ठसका लागतो का, आवाज ओला होतो का ते बघतात. नापास झाली तर नाकातून नळी घालतात. नळी बघून आम्ही रडलो होतो. जिजीला ती ११ दिवस होती, आणि नंतर ती जेवायला लागली.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं, हे आधीच ठरवा. आपल्याकडे अख्खं गाव येतं आणि प्रत्येकाला पेशंटच्या तोंडात बिस्किटाचा तुकडा घालायचा असतो. आम्ही शेवटी पलंगाला कागद चिकटवला: ‘तोंडात काहीही देऊ नये’. दोघेजण रुसले.

उशाकडची बाजू साधारण ३० अंश वर ठेवा. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली, उचलताना पेशंटच्या पोटावर ठेवू नका. दिवसातून दोनतीनदा तोंड आतून पुसून काढा, नळी असली तरी. तोंडातली घाणच पुढे छातीत जाते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लकव्याचा हात धरून कधीही उचलू किंवा ओढू नका. खांद्याचे स्नायू सैल असतात, सांधा निसटतो. सर्वांत जवळचे लोकच, घाईत, हे करतात. उचलताना एक हात पाठीमागून आणि दुसरा कमरेला. निजवताना त्या हाताखाली उशी. कपडे घालताना लकव्याचा हात आधी बाहीत, काढताना शेवटी.

७. घरी आणल्यावर

बाज नको. सुंभाची असो की नवारीची, तिला झोळ येतो आणि कमरेच्या हाडावर सगळा भार पडतो. लाकडी पलंग आणि हवेची गादी घ्या. गादी भाड्यानेही मिळते. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. आम्ही भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं आणि वळवणाऱ्याने सही करायची. रात्री २ ची सही माझी आणि पहाटे ४ ची भावाची, पाच महिने. माकडहाड, टाचा, घोटे रोज बघा. लाल डाग दाबल्यावर पांढरा झाला नाही तर बेडसोरची सुरुवात आहे. तिथे चोळू नका, तिथला भार काढा.

शेक देऊ नका. लकव्याच्या बाजूला चटका कळत नाही. विटेच्या आणि तव्याच्या शेकाने भाजलेले पाय मी फिजिओथेरपीच्या रांगेत पाहिले आहेत.

भरवताना पेशंटला पूर्ण ताठ बसवा, हनुवटी किंचित छातीकडे, छोटा चमचा, घास चांगल्या बाजूने. गिळल्यावर लकव्याच्या गालात अन्न अडकलंय का ते बोटाने बघा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. घट्टसर, एकसारखं अन्न सोपं जातं: ज्वारीची दाट पेज, घोटलेली खिचडी, कुस्करलेलं केळं. पाणी आणि पातळ रस्सा सर्वात अवघड, आणि कळण्याच्या भाकरीचा कोरडा चुरा त्याहून वाईट. जिजीला भरताची फार ओढ होती. बिया आणि देठ काढून, बिनमिरचीचं घोटून दिलं. “हे भरीत नही,” असं तिने नजरेनेच सांगितलं.

बोलणं. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की अनेकांचे शब्द हरवतात. अक्कल जागेवर असते, त्यामुळे पेशंटसमोर त्याच्याबद्दल बोलू नका. जिजी सहा आठवडे ‘हो’ला ‘नाही’ म्हणत होती आणि स्वतःवरच चिडत होती. श्रावणात शेजारी कानबाई (आमची खान्देशातली देवी) बसली, बाया गाणं म्हणत होत्या, आणि जिजीने त्यांच्यात अख्खं कडवं म्हटलं, शब्दासकट. आम्हाला चमत्कार वाटला. स्पीच थेरपिस्टने सांगितलं की पाठ झालेली गाणी, आरत्या बऱ्याचदा शाबूत राहतात आणि त्यांचा सरावाला उपयोग होतो. तेव्हापासून रोज संध्याकाळी गाणं.

उजव्या मेंदूच्या लकव्यात उलटं होतं: माणूस नीट बोलतो, पण डावी बाजू त्याच्या लेखी नसतेच. ताटातलं डावीकडचं तसंच राहतं. त्याला नाटकी समजू नका.

व्यायाम फिजिओथेरपिस्ट दाखवतील तेवढाच, पण रोज. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते, नंतरही होत राहते. आमच्याकडे रबरी चेंडू पडून राहिला, पण कपाशीची चार बोंडं हातात दिली की जिजी तासभर कापूस ओढत बसायची. हाताला ओळखीचं काम द्या.

रडू येणं, जेवण टाळणं, ‘मला कशाला वाचवलं’ म्हणणं हे आजाराचा भाग आहे. तीनातल्या एकाला तरी लकव्यानंतर नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. सांभाळणाऱ्यालाही येतं. माझी बायको दोन महिने माहेरी गेली नाही, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

८. गोळ्या आणि ताट

जिजीला लकवा का मारला? बीपी नॉर्मल आलं म्हणून तिने चार महिने आधी गोळी बंद केली होती. गोळी चालू होती म्हणून ते नॉर्मल होतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, मी पण नाही. बीपीची, साखरेची, कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. शेजाऱ्याची लकव्याची गोळी आपल्याला चालेल असंही नाही, त्याचा तुंबलेला असेल आणि आपला फुटलेला. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना वेगळं औषध लागतं. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती वेळात गोठतं याची तपासणी, करत राहायचं आणि पालेभाजी रोज साधारण सारखीच ठेवायची.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा. पापड, बिबडे, लोणचं, ठेचा आणि शेव यांचं मीठ त्यातच मोजा. खान्देशी माणसाला हे कठीण आहे, मान्य. मिश्री, तंबाखू, बिडी मात्र पूर्ण बंद.

९. कागदपत्रं

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी दवाखान्यात. लकव्यात सहसा सहा महिन्यांनी तपासतात, कारण तोवर हात-पाय बदलत असतात. बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा अधिक लागतं. डिस्चार्ज कार्ड, सीटीची फिल्म आणि फिजिओथेरपीचे कागद एका फायलीत जपून ठेवा.

बँकेकडे पहिल्याच महिन्यात जा. जिजी सही करायची, उजव्या हाताने. आता डाव्या हाताची सही जुळत नाही आणि पैसे तिच्याच उपचाराला हवेत, अशी कोंडी आमची झाली. आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन बँक पैसे देऊ शकते. त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. पेशंट येऊ शकत नसेल तर तसं लेखी कळवून अधिकाऱ्याला घरी यायची विनंती करा. आमच्याकडे ते आले तेव्हा जिजीने शाई लावलेला अंगठा कागदावर टेकवला आणि मग तोच हात माझ्या सदऱ्याला पुसला.